जीडीबीला आपला डेटा नीट दाखवायला शिकवा: ठाणे–वाशी मार्गाच्या साखळीवर पहिला प्रिटी-प्रिंटर

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये सी++ वर नव्याने काम सुरू केलेल्या अनेकांना ब्रेकपॉइंट लावता येतो, एकेक ओळ पुढे सरकता येतं, पण व्हेरिएबल प्रिंट केलं की समोर येतो एक पत्ता आणि एक आकडा. साखळीत (लिंक्ड लिस्टमध्ये) नऊ नोंदी असतात आणि डिबगर त्यातली एकही दाखवत नाही. मग कोडमध्ये सीआउटच्या ओळी घालणं सुरू होतं. ते करण्याऐवजी तासाभरात जीडीबी या डिबगरला (चालता प्रोग्राम थांबवून आतला डेटा बघायचं साधन) आपला डेटा कसा दाखवायचा हे एकदाच शिकवता येतं. त्यासाठी लिहायच्या छोट्या पायथन कोडला प्रिटी-प्रिंटर म्हणतात. ही सोय जीडीबीमध्ये आवृत्ती ७.० पासून, म्हणजे २००९ पासून आहे.

लेखातल्या कमांड आणि नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत करायची.

उदाहरण

ट्रान्स-हार्बरचा रोजचा मार्ग घेऊ: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. एकूण नऊ स्टेशनं. तुर्भ्यानंतर दुसरा फाटा जुईनगर, नेरूळकडून पनवेलला जातो, म्हणून ही साखळी अगदी सरळ नाही. प्रिंटर शिकायला असाच डेटा बरा.

दोन स्ट्रक्ट करा. पहिला ‘स्टेशन’. त्यात ‘नाव’ ही स्टँडर्ड स्ट्रिंग, ‘पुढे’ हा पुढच्या स्टेशनचा पॉइंटर आणि ‘फाटा’ हा दुसऱ्या दिशेचा पॉइंटर, जो तुर्भे सोडून सगळीकडे नल. दुसरा ‘मार्ग’. त्यात ‘पहिले’ हा पॉइंटर आणि ‘संख्या’ हा इंट. स्टेशनांची नावं देवनागरीतच ठेवा, त्यातून पुढे एक उपयोगी गोष्ट कळणार आहे.

उबुंटूवर किंवा डब्ल्यूएसएलवर (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) जी++ आणि जीडीबी ही दोन पॅकेजं एपीटीने घ्या. कंपाइल करताना ‘-जी’ आणि ‘-ओ०’ हे दोन पर्याय द्या (दुसऱ्यात इंग्रजी ओ आणि शून्य). ‘-ओ२’ ठेवलंत तर निम्म्या व्हेरिएबलपुढे ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसेल, आणि त्यावर कुठलाच प्रिंटर उपाय करू शकत नाही.

जीडीबी सुरू झाल्यावर आधी ‘पायथन प्रिंट(१)’ द्या. १ छापला गेला तर ठीक. ‘या प्रतीत पायथन स्क्रिप्टिंग नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर पुढचं काहीच चालणार नाही. असा जीडीबी बहुतेक वेळा एखाद्या बोर्डाच्या टूलचेनबरोबर आलेला असतो. त्याच टूलचेनमध्ये नावाच्या शेवटी ‘-पीवाय’ असलेली दुसरी फाइल आहे का ते बघा.

आधी कच्चं रूप

साखळी बांधून झाल्यानंतरच्या ओळीवर थांबा आणि मार्ग प्रिंट करा. जीडीबी पॉइंटरच्या मागे आपणहून जात नाही, त्यामुळे एवढंच येतं:

{पहिले = (५५५५ ने सुरू होणारा पत्ता), संख्या = ९}

आता ‘पीटाइप /ओ’ ही कमांड स्टेशनवर चालवा. प्रत्येक फील्ड कितव्या बाइटपासून सुरू होतो आणि किती जागा घेतो हे दिसतं. ६४-बिट लिनक्सवर जीसीसीची (जी++ याच कंपायलर-संचातला) स्ट्रिंग ३२ बाइटची असते. म्हणून ‘नाव’ ० वर, ‘पुढे’ ३२ वर, ‘फाटा’ ४० वर, एकूण ४८. मार्ग १६ बाइटचा, त्यातले शेवटचे ४ नुसती भर. हा तक्ता कागदावर उतरवून ठेवा. मेमरी बिघडते तेव्हा याचाच आधार असतो.

ब्रेकपॉइंट ज्या ओळीवर असतो ती ओळ थांबताना अजून चाललेली नसते. मार्ग जिथे घोषित केला त्याच ओळीवर थांबलात तर संख्येत भलताच आकडा दिसण्याची बरीच शक्यता. सुट्या, न भरलेल्या इंटमध्ये बरेचदा ३२७६७ किंवा २१८४५ दिसतो. हे आकडे कुठून येतात? स्टॅकचे पत्ते हेक्समध्ये ७एफएफएफ ने सुरू होतात आणि जीडीबीखाली चालणाऱ्या प्रोग्रामचे ५५५५ ने. स्टॅकवर आधी पडलेल्या अशा पत्त्याचा वरचा अर्धा भाग इंट म्हणून वाचला की हेच आकडे निघतात. ते दिसले की समजा, या व्हेरिएबलमध्ये अजून काही भरलेलंच नाही.

‘ठाणे’च्या जागी आकडे आले तर

पहिल्या स्टेशनचं नाव प्रिंट केल्यावर कधी कधी हे दिसतं:

"\३४०\२४४\२४०\३४०\२४४\२७६\३४०\२४४\२४३\३४०\२४५\२०७"

डेटा बरोबर आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ठ, काना, ण, मात्रा अशी चार चिन्हं, बारा बाइट. अष्टमानात पहिला बाइट नेहमी ३४० आणि दुसरा २४४ किंवा २४५. हा नमुना दिसला की मजकूर देवनागरी आहे आणि जीडीबीला तो छापता येत नाहीये, एवढं ओळखा.

दोष टर्मिनलच्या लोकॅलचा (भाषा आणि अक्षरसंचाच्या सेटिंगचा) असतो. डॉकर कंटेनरमध्ये हे हमखास होतं, कारण तिथे लोकॅल बहुधा ठरवलेलंच नसतं. जीडीबीतून बाहेर पडा, एलएएनजी हे व्हेरिएबल ‘सी.यूटीएफ-८’ करा आणि जीडीबी पुन्हा सुरू करा. ‘शो चारसेट’ने खात्री करा. आतून नुसतं ‘सेट चारसेट’ देऊन दर वेळी भागत नाही. कुठलं अक्षर छापण्याजोगं आहे हे जीडीबी लोकॅललाच विचारतो.

स्ट्रिंगचं कच्चं रूप ‘प्रिंट /आर’ने बघता येतं. ही खूण लक्षात ठेवा, कुठलाही प्रिंटर बाजूला ठेवून मूळ फील्ड दाखवायला हीच लागते. जीसीसीच्या स्ट्रिंगमध्ये १५ बाइटपर्यंतचा मजकूर तिच्या आतच मावतो. ‘ठाणे’ १२ आणि ‘ऐरोली’ बरोबर १५ बाइट, म्हणून ही दोन आत. ‘कोपरखैरणे’ २७ बाइटचं, ते हीपवर जातं. आपल्या भाषेत पाच चिन्हांची मर्यादा ओलांडली की स्ट्रिंग बाहेर पडते.

प्रिंटर लिहिणं

‘मार्ग_प्रिंटर’ नावाची पायथन फाइल करा, सुरुवातीला जीडीबी आणि जीडीबी.प्रिंटिंग ही दोन मॉड्यूल आयात करा. ही फाइल पायथन३ ने थेट चालवून बघायचा मोह होतो. ‘जीडीबी नावाचं मॉड्यूल नाही’ असं उत्तर मिळेल, कारण ते मॉड्यूल फक्त जीडीबीच्या पोटातल्या पायथनमध्ये असतं. उलट बाजूने, तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने घातलेली पॅकेजंही तिथे मिळतील असं धरून चालू नका. प्रिंटर साध्या पायथनवर भागवा.

स्टेशनचा प्रिंटर म्हणजे दोन मेथडचा क्लास. ‘इनिट’ जीडीबीने दिलेलं मूल्य व्हॅल नावाने ठेवतो. ‘टू_स्ट्रिंग’ दाखवायचा मजकूर परत करतो: व्हॅलच्या ‘नाव’ फील्डचा एसटीआर, आणि ‘फाटा’ नल नसेल तर त्यापुढे बाण आणि फाट्यावरच्या पहिल्या स्टेशनचं नाव. स्टेशनच्या प्रिंटरला मुलं, म्हणजे उलगडून दिसणारे आतले भाग, देऊ नका. प्रत्येक स्टेशन पुढच्या स्टेशनला पोटात घेऊन दिसायला लागलं की नऊ कंसांचा गुंता होतो.

मार्गाच्या प्रिंटरला तिसरी मेथड लागते, ‘चिल्ड्रन’. ती नाव आणि मूल्य अशा जोड्या एकेक करून देते. नाव ही साधी पायथन स्ट्रिंग: "[०]", "[१]" वगैरे. मूल्य म्हणून पॉइंटर देऊ नका, त्याचा डीरेफरन्स द्या. पॉइंटर दिलात तर स्टेशनचा प्रिंटर लागू होत नाही आणि नऊ पत्त्यांची यादी मिळते. नवीन माणसाचं इथेच सगळ्यात जास्त अडतं.

‘डिस्प्ले_हिंट’ ही ऐच्छिक मेथड. तिने ‘अॅरे’ परत केलं तर नावं गळून फक्त मूल्यं दिसतात. ‘मॅप’ केलं तर मुलं किल्ली, मूल्य, किल्ली, मूल्य अशा क्रमाने द्यावी लागतात. मार्गासाठी ती लिहूच नका, क्रमांक दिसलेले बरे.

नोंदणीसाठी जीडीबी.प्रिंटिंगमधला ‘रेगएक्सपी कलेक्शन प्रिटी प्रिंटर’ वापरा. त्याला संग्रहाचं नाव द्या, मग ‘अॅड_प्रिंटर’ दोनदा: प्रत्येक वेळी एक नाव, एक रेगएक्स (टाइपचं नाव जुळवायचा नमुना) आणि प्रिंटरचा क्लास. रेगएक्सच्या सुरुवातीला कॅरेट आणि शेवटी डॉलर हवेतच. ही तुलना टाइपच्या नावात कुठेही जुळली तरी चालते, त्यामुळे नुसतं ‘मार्ग’ लिहिलंत तर ‘मार्गयादी’लाही हाच प्रिंटर चिकटेल. टाइप नेमस्पेसमध्ये असेल तर पूर्ण नाव लिहायचं. टेम्पलेट असेल तर कोनी कंसांसकट. टाइपडेफ आणि रेफरन्स आपोआप सोलून निघतात, पॉइंटर निघत नाही.

शेवटी ‘रजिस्टर_प्रिटी_प्रिंटर’ला तीन गोष्टी द्या: नन, संग्रह आणि ‘रिप्लेस’ ट्रू. रिप्लेस विसरलात तर फाइल सुधारून पुन्हा ‘सोर्स’ करताना ‘आधीच नोंदलेला आहे’ असा एरर येतो, आणि जुनाच प्रिंटर चालू राहतो. मग बदल केला तरी फरक का पडत नाही म्हणून माणूस कोड तपासत बसतो.

‘सोर्स’ने फाइल लोड करा, ‘इन्फो प्रिटी-प्रिंटर’च्या यादीत संग्रह दिसतो का बघा, आणि मार्ग प्रिंट करा:

मार्ग, नोंद ९ = {[०] = "ठाणे", [१] = "दिघा गाव", [२] = "ऐरोली", [३] = "रबाळे", [४] = "घणसोली", [५] = "कोपरखैरणे", [६] = "तुर्भे" → "जुईनगर", [७] = "सानपाडा", [८] = "वाशी"}

एका ओळीत गर्दी वाटली तर ‘सेट प्रिंट प्रिटी ऑन’. नाव सारखं असलं तरी या सेटिंगचा प्रिंटरशी संबंध नाही, ते फक्त ओळी तोडून दाखवतं. प्रिंटरमध्ये चूक असेल तर जीडीबी एका ओळीत पायथन एक्सेप्शन सांगून गप्प बसतो. ‘सेट पायथन प्रिंट-स्टॅक फुल’ दिलं की चूक कुठल्या ओळीत आहे तेही कळतं. बहुतेक वेळा फील्डचं नाव चुकलेलं असतं.

बिघडलेल्या साखळीवर प्रिंटर

निरोगी डेटा सुंदर दाखवणारा प्रिंटर अर्धाच झालेला असतो. डिबगर उघडला जातो तोच काहीतरी बिघडल्यावर. त्यामुळे आता मुद्दाम साखळी मोडू.

दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये. समजा जुन्या आठ स्टेशनांच्या साखळीत ते घालायचं आहे. बरोबर क्रम असा: आधी दिघ्याचं ‘पुढे’ म्हणजे ठाण्याचं ‘पुढे’, मग ठाण्याचं ‘पुढे’ म्हणजे दिघा. या दोन ओळींची अदलाबदल करून बघा. ठाण्याचं ‘पुढे’ आधीच दिघा झालेलं असतं, त्यामुळे दिघ्याचं ‘पुढे’ दिघाच होतं. ऐरोलीपासून वाशीपर्यंत सगळं तुटलं, आणि संख्या मात्र ९ दाखवते.

वरचा प्रिंटर आता काय करेल? मुलांच्या छपाईवर ‘सेट प्रिंट एलिमेंट्स’ची मर्यादा असते, मूळ २०० ची, म्हणून कन्सोलवर ठाण्यानंतर १९९ वेळा दिघा गाव येऊन तीन टिंबांवर थांबेल. टू_स्ट्रिंगमध्ये तुम्ही स्वतः साखळी मोजत असाल तर तिथे कसलीच मर्यादा नाही. जीडीबी अडकतो, कंट्रोल-सीने सोडवावा लागतो.

म्हणून साखळीवर चालण्याचं काम एका वेगळ्या फंक्शनकडे द्या. त्यात तीन सावधगिऱ्या घाला.

एक, प्रत्येक नोडचा पत्ता इंट करून डिक्शनरीत ठेवा, त्यासमोर त्याचा क्रमांक. तोच पत्ता पुन्हा आला की ‘चक्र: पुन्हा [१] कडे’ असं मूल म्हणून द्या आणि थांबा. मुलाचं मूल्य साधी पायथन स्ट्रिंग असलेलं चालतं.

दोन, वरची मर्यादा. हजार पुरे. दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्राम जीडीबीसर्व्हरने बघत असाल तर प्रत्येक नोड वाचायला नेटवर्कवरून फेरी पडते. घरून व्हीपीएनवर बसून हजार नोडची साखळी दर स्टेपला उलगडली की कंटाळा येतो, तेव्हा मर्यादा शंभरवर आणा.

तीन, तुटका पॉइंटर. जीडीबीची मूल्यं आळशी असतात. डीरेफरन्स केल्यावर मेमरी लगेच वाचली जात नाही, छापताना वाचली जाते. त्यामुळे डीरेफरन्सभोवती ट्राय लावून उपयोग होत नाही, एरर नंतर, तुमच्या ट्रायच्या बाहेर येतो. डीरेफरन्स केलेल्या मूल्यावर ‘फेच_लेझी’ बोलवा, तेही ट्रायच्या आत, आणि ‘जीडीबी.मेमरीएरर’ पकडून ‘वाचता न येणारा पत्ता’ असं दाखवा.

मग शीर्षकाच्या ओळीत नोंदलेली संख्या आणि प्रत्यक्ष सापडलेली संख्या, दोन्ही छापा:

मार्ग, नोंद ९, सापडली २, चक्र = {[०] = "ठाणे", [१] = "दिघा गाव", [२] = चक्र: पुन्हा [१] कडे}

या एका ओळीत बग सापडतो. फक्त ‘संख्या’ फील्डवर विश्वास ठेवणारा प्रिंटर इथे ९ म्हणून मोकळा झाला असता.

चौथा प्रकार जास्त फसवा. कुणी एक स्टेशन डिलीट केलं आणि आधीच्या स्टेशनचा पॉइंटर बदलायला विसरलं. मेमरी परत गेली तरी पत्ता वाचता येतोच, एरर येत नाही. मघाचा तक्ता काढा. ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) मोकळ्या केलेल्या तुकड्याच्या पहिल्या १६ बाइटवर साधारणपणे स्वतःच्या नोंदी लिहितो. तिथे आपल्या स्ट्रिंगचा पत्ता आणि लांबी होती. ‘पुढे’ मात्र ३२ व्या बाइटवर, त्याला हात लागलेला नसतो. परिणाम असा की साखळी वाशीपर्यंत छान चालते, फक्त मधल्या एका स्टेशनच्या नावाऐवजी कचरा किंवा मेमरीचा एरर येतो. स्टेशनच्या प्रिंटरमध्ये नावाची अंतर्गत लांबी तपासा (जीसीसीच्या स्ट्रिंगमध्ये ते वेगळं फील्ड आहे, ‘प्रिंट /आर’ने नाव दिसेल) आणि ती २०० च्या वर असेल तर ‘नाव संशयास्पद, बहुधा मोकळी केलेली मेमरी’ असं छापा. ही तपासणी जीसीसीच्या लायब्ररीपुरतीच, क्लँगच्या लिबसी++ मध्ये स्ट्रिंगची रचना वेगळी असते.

प्रोग्रामचं फंक्शन बोलवू नका

मार्गात ‘मोजा’ नावाचं फंक्शन आधीच असेल तर प्रिंटरमधून ‘पार्स_अँड_इव्हॅल’ने तेच बोलवायची इच्छा होते. टाळा. ते फंक्शन खरोखर तुमच्या थांबलेल्या प्रोग्रामच्या आत चालतं. त्यात लॉक असेल आणि तो दुसऱ्या थांबलेल्या थ्रेडकडे असेल, तर सगळं तिथेच अडकू शकतं. त्यात काही कॅश होत असेल तर नुसतं बघण्याने प्रोग्रामची स्थिती बदलते, आणि बग डिबगरमध्ये गायब होऊन बाहेर परत येतो.

प्रिंटर स्वच्छ आहे का हे तपासायची सोपी युक्ती: प्रोग्राम थांबलेला असताना ‘जनरेट-कोर-फाइल’ द्या, बाहेर पडा, आणि तीच कोर फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची जतन केलेली प्रत) मूळ प्रोग्रामसह उघडून मार्ग प्रिंट करा. कोरमध्ये चालणारी प्रोसेस नसते. प्रिंटर फक्त मेमरी वाचत असेल तर तेच चित्र दिसेल. फंक्शन बोलवत असेल तर ‘प्रोसेसशिवाय हे करता येत नाही’ अशा अर्थाचा एरर येईल. प्रॉडक्शनमधून येते ती कोर फाइलच, तेव्हा ही चाचणी आजच करून ठेवलेली बरी.

दर वेळी सोर्स करायला नको म्हणून

प्रोग्रामचं नाव ‘प्रवास’ असेल तर प्रिंटरची फाइल त्याच फोल्डरमध्ये ‘प्रवास-जीडीबी.पीवाय’ या नावाने ठेवा. जीडीबी ती आपोआप उचलतो, पण पहिल्यांदा बहुधा नकार देतो: ‘ऑटो-लोड सेफ-पाथ’मुळे लोड केली नाही, असा इशारा. होम फोल्डरमधल्या ‘.जीडीबीइनिट’मध्ये ‘अॅड-ऑटो-लोड-सेफ-पाथ’ आणि प्रोजेक्टचा फोल्डर एवढी एक ओळ टाका. इंटरनेटवर या जागी नुसतं ‘/’ लिहायचा सल्ला सर्रास दिसतो. त्याने डिस्कवरची कुठलीही फाइल न विचारता चालेल. कंपनीच्या लॅपटॉपवर तर तो मुळीच घेऊ नका.

व्हीएस कोडमध्ये याच प्रिंटरचं चित्र दिसावं म्हणून लाँच.जेसन फाइलमध्ये ‘सेटअप कमांड्स’खाली ‘-एनेबल-प्रिटी-प्रिंटिंग’ ही ओळ असायला हवी. नसेल तर कन्सोलमध्ये सगळं छान आणि डावीकडच्या व्हेरिएबलच्या खिडकीत कच्चे फील्ड, असा घोळ होतो.

विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओमध्येच काम असेल तर पायथन लागत नाही, नॅटव्हिस ही एक्सएमएल फाइल प्रोजेक्टमध्ये घालायची. आपल्या साखळीसाठी तिथे ‘लिंक्डलिस्टआयटम्स’ हा तयार घटक आहे: हेडपॉइंटरमध्ये ‘पहिले’, नेक्स्टपॉइंटरमध्ये ‘पुढे’, व्हॅल्यूनोडमध्ये ‘नाव’. काहीच दिसेना झालं तर टूल्स, ऑप्शन्स, डिबगिंग, आउटपुट विंडो इथे नॅटव्हिसचे संदेश ‘व्हर्बोज’ करा, चुकलेल्या फील्डचं नाव तिथे येतं. मॅकवर एलएलडीबी वापरा, ‘टाइप समरी अॅड’ या एका कमांडने स्टेशनचं नाव दाखवता येतं. मार्ग उलगडून दाखवायला तिथेही पायथनच लागतं. त्याचा क्लास वेगळ्या धाटणीचा असतो, पण चक्र आणि तुटका पॉइंटर ओळखायची युक्ती तीच चालते.